ताटावरचं घर

न्यूझीलंडबद्दल ज्याला विचारावं तो मेंढ्यांचं सांगतो. मेंढ्या आहेत, मी पाहिल्या, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी मात्र सांगणार आहे ताटांचं, कारण ताटं हा माझा विषय. नाशिकच्या भांडी बाजारात आमचं दुकान होतं आणि लग्न होऊन आल्यापासून पस्तीस वर्षं भांड्यांवर नावं घालायचं काम माझ्याकडे होतं. गिऱ्हाइकानं चिठ्ठीवर मजकूर लिहून द्यायचा, मी मशीनची सुई ताटाच्या काठावर टेकवायची, घर्रर्र आवाज व्हायचा आणि कुणाचा तरी मामा, कुणाची तरी आत्या कायमची स्टीलवर बसायची. लोक म्हणत, बाईंचं अक्षर वळणदार आहे. माझं म्हणणं एवढंच, की चिठ्ठीत असेल ते मी उतरवत असे.

आमचे हे गेले, दुकान पुतण्याकडे गेलं आणि मी रिकामी झाले. मुलगा निरंजन वेलिंग्टनला, जॉन्सनव्हिल नावाच्या उपनगरात राहतो. आठ वर्षं तो "आई, ये" म्हणत होता आणि मी काही ना काही कारण काढत होते. अखेर गेले ती त्याच्यासाठी नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. मी गेले माझ्या धाकट्या बहिणीसाठी.

सुधाची मुलगी तेजश्री, आमची तेजू, सात वर्षांपूर्वी शिकायला ऑकलंडला गेली. डिप्लोमा झाला, मग पापाटोएटोच्या एका डेअरीत काम. डेअरी म्हणजे तिकडचं कोपऱ्यावरचं दुकान, दुधापासून चपलांपर्यंत सगळं मिळतं. मग व्हिसा, पुन्हा व्हिसा, आणि दोन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या बाईंच्या सोबतीला त्यांच्याच घरी राहायची नोकरी. तेव्हापासून तिचं नाशिकला येणं बंद झालं. वडील गेले तेव्हाही आली नाही. सुधा आता एकटी आहे, जिना चढताना दोनदा खाली बसते. निघायच्या आदल्या दिवशी तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "ताई, तिला घेऊन ये. ओढत आण, पण आण."

गंमत म्हणजे तेजूही फोनवर हेच म्हणत होती. "मावशी, तू ये ना. दुसरं कुणी नको, तूच ये." मला बरं वाटलं. आवडती मावशी असल्याचा तोरा कुणाला नसतो!

जॉन्सनव्हिल

जॉन्सनव्हिलला वारा राहतो आणि माणसं त्याच्याकडे भाड्यानं राहतात असं माझं मत झालं. निरंजनच्या घराच्या आजूबाजूला दोन पुणेकर आणि एक ठाणेकर कुटुंब, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत मला तीन ठिकाणी पोहे मिळाले. नात इरा सात वर्षांची. मी मराठीत विचारते, तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. सकाळी उठून मला "किया ओरा, आजी" म्हणते. हा तिकडचा मूळचा नमस्कार.

तिथे मी एक मूर्खपणा केला. नेलेले पापड सादळले म्हणून घराच्या दक्षिणेच्या बाजूला, छान मोकळी जागा बघून वाळत घातले. चार वाजता पाहते तर सकाळपेक्षा ओले. निरंजन हसून हसून दमला. "आई, इथे सूर्य उत्तरेकडून जातो गं. दक्षिणेला ऊन येतच नाही." साठी उलटल्यावर माणसाला दिशा नव्यानं शिकाव्या लागल्या. पुढच्या आठवड्यात हे शिक्षण उपयोगी पडलं.

डोंगरापलीकडे

शनिवारी निरंजननं मला तेजूकडे नेलं. वेलिंग्टनहून ईशान्येला एक वळणावळणाचा घाट चढून उतरायचा, की वैरारापा नावाचं मोठं सपाट खोरं लागतं. मी सगळा घाट आवळासुपारी चघळत डोळे मिटून पार केला. खाली उतरल्यावर डोळे उघडले तर पिवळं गवत, लांबवर निळे डोंगर आणि वाऱ्याला अडवायला लावलेल्या उंच काळपट झाडांच्या भिंती. मैलोन् मैल माणूस नाही. आपल्याकडे एवढ्या जागेत दोन तालुके आणि एक साखर कारखाना बसला असता.

शेवटचा रस्ता खडीचा होता. फोनची रेंज गेली. झाडांची एक भिंत संपली आणि ते घर दिसलं.

पांढरं, दुमजली, लाकडी घर. पाहिल्याबरोबर काहीतरी चुकलंय असं वाटलं, पण काय ते कळेना. मग एकेक ध्यानात येऊ लागलं. दाराच्या पायऱ्या खाली अरुंद आणि वर रुंद. समोरून पाहताना घराच्या दोन्ही बाजूच्या भिंतीही दिसत होत्या, म्हणजे त्या सरळ मागे न जाता बाहेर फाकल्या होत्या. अंगणात एक छोटा कमानदार पूल, आणि पुलाखाली पाणी नाही, ओढा नाही, नुसतं गवत. भर दुपारी अडीचच्या सुमारास घराची दर्शनी बाजू सावलीत, पायऱ्यांवर शेवाळ. ऊन सगळं मागच्या अंगाला. एवढ्या मोठ्या माळावर हव्या त्या बाजूला तोंड करता आलं असतं, तरी घर नेमकं दक्षिणमुखी. आपण दक्षिणेला दार ठेवत नाही, ती यमाची दिशा म्हणून. इथे तर शास्त्र आणि सूर्य दोघांनीही नको म्हटलं असतं.

वरच्या मजल्यावर पाच खिडक्या. तिसऱ्या खिडकीत कुणीतरी बसलं होतं, मान डावीकडे कलती. मी ओळखलं, तेजू! गाडीतून उतरून दोन्ही हात हलवले. वरून काही नाही. मी हाक मारली. ती हलली नाही.

दार उघडलं ते हेलनबाईंनी. ऐंशीच्या पुढच्या, वॉकरला धरून चालणाऱ्या, गालावर गुलाबी पावडर, हसू अगदी मनापासूनचं. त्या इंग्रजीतच बोलत, मी इथे मराठीत सांगते. "या, या. तुम्हीच नावं घालणाऱ्या मावशी ना? तेज चार वाजता खाली येईल. तोवर चहा घेऊ."

मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून पस्तीस मिनिटं. दोन वर्षांनी सख्खी मावशी भेटायला आलेली, आणि भाची वर बसून राहणार? मला संतापच आला. निरंजननं डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं, म्हणून मी बिस्किटाबरोबर राग गिळला.

चारचे टोले पडले आणि जिन्यावर पावलं वाजली. तेजू धावत येऊन गळ्यात पडली आणि रडायला लागली. तिचे हात बर्फासारखे गार होते. मी म्हटलं, "अगं मी एवढे हात केले, दिसले नाहीत?"

"दिसले ना मावशी. पण चारपर्यंत मला हलता येत नाही."

"हलता येत नाही म्हणजे? पाय बांधून ठेवतात की काय?"

ती हसली. "नाही गं. तसं काही नाही. इट्स स्वीट ॲज, मस्त आहे सगळं. सांगते नंतर."

बोलताना तिची मान डावीकडेच कललेली होती. मला वाटलं, अवघडली असेल.

निरंजन संध्याकाळी परत गेला. पुढच्या शनिवारी तो आम्हा दोघींना न्यायला येणार आणि मंगळवारी आम्ही भारतात निघणार, असं ठरलं होतं. तेजूच्या सामानाबद्दल मी बोलले तेव्हा ती "हो, हो" म्हणाली आणि भांडी आवरायला लागली.

वरणभात

तिकडे डिसेंबरात नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे सहाचं जेवण आपल्या चहाच्या वेळेला बसल्यासारखं वाटतं. तेजूनं वरणभात केला होता, सोबत उकडलेले मटार आणि भाजलेलं रताळं, त्याला तिकडे कुमारा म्हणतात. हेलनबाई वरणभात काट्यानं खात होत्या आणि त्यांना तो मनापासून आवडत होता. दोन वर्षांत सवय झाली म्हणाल्या.

ताट चिनीमातीचं, पातळ, काठाला सोन्याची बारीक रेघ. माझं भातावर वरण, वरणावर तूप. मी जेवत गेले तसतसं खालचं चित्र उघडं पडत गेलं. आधी पूल दिसला, मग पायऱ्या, खाली अरुंद, वर रुंद. मग फाकलेल्या भिंती. ज्या घरात बसून मी जेवत होते ते घर भाताखालून बाहेर येत होतं. शेवटचा घास उचलला आणि तुपात माखलेली तिसरी खिडकी दिसली. तिच्यात एक काळी आकृती, मान डावीकडे कललेली.

माझा घास तसाच हातात राहिला.

"सगळ्यांचं असंच होतं पहिल्यांदा," हेलनबाई म्हणाल्या आणि त्यांनी ताटांची हकीकत सांगितली. त्यांच्या घराण्यातल्या एका पूर्वजानं इंग्लंडमध्ये असताना आपल्या वाडवडिलांच्या घराचं शाईनं चित्र काढलं आणि ते जहाजानं चीनला, कॅन्टनला पाठवलं. तेव्हा तशी पद्धत होती. इकडून चित्र, कुळाचं चिन्ह, जे हवं ते पाठवायचं, तिकडचे कारागीर ते चिनीमातीवर उतरवून देत. दोन वर्षांनी पेट्या यायच्या. मला हे ऐकून हसू आलं. म्हणजे आमच्या दुकानाचाच धंदा, फक्त चिठ्ठी समुद्रावरून जायची.

कॅन्टनच्या चिताऱ्यांनी असलं घर जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी त्यांच्या रीतीनं काढलं, म्हणून पायऱ्या वर रुंद झाल्या आणि भिंती फाकल्या. पुढे इंग्लंडमधलं घर विकलं गेलं. धाकट्या पातीतला एक जण ताटांच्या पेट्या घेऊन इकडे न्यूझीलंडला आला. मूळ चित्र हरवलेलं, घर डोळ्यांसमोर नाही, आठवण म्हणून काय ती ही ताटं. मग त्या माणसानं सुतारांपुढे ताट ठेवलं आणि सांगितलं, हे बांधा.

"सुतारांनी बांधलं?" मी विचारलं.

"जसंच्या तसं. पूलसुद्धा. दार दक्षिणेला, कारण इंग्लंडात ऊन दक्षिणेचं असतं." हेलनबाई हसल्या. "घर पूर्ण झालं तेव्हा त्याची बायको म्हणाली, ताटातल्या खिडकीत कुणीतरी आहे, आपल्या खिडकीत कुणी नाही. मग त्याची बहीण रोज दुपारी दोन ते चार तिथे शिवण घेऊन बसू लागली. तिच्यानंतर चुलत बहीण. मग मुलांची मास्तरीण. मग माझी आत्या. मग एकोणिसाव्या वर्षापासून मी. आता मला जिना चढवत नाही."

त्यांनी प्रेमानं तेजूच्या हातावर हात ठेवला. मला तो हात तिथून उचलावासा वाटला.

मी विचारलं, "आणि नाही बसलं कुणी तर?"

"ते माहीत नाही. तसं कधी झालंच नाही."

आमच्याकडे नवरात्रात अखंड दिवा असतो. विझला तर काय होतं हे आम्हालाही माहीत नाही, कारण आम्ही तो विझू देत नाही.

शाई

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताटं धुवायचं काम मागून घेतलं. एकेक ताट उजेडाकडे धरून पाहिलं. चाळीसेक तरी असतील. कामाची माणसं वेगवेगळी होती हे मला लगेच कळलं. एकाचं गवत आखूड, एकाचं लांब. एकानं झाडाची पानं मन लावून काढलेली, दुसऱ्यानं उरकलेली. खिडक्यांच्या चौकटी कुठे जाड, कुठे बारीक. पण ती काळी आकृती सगळीकडे एकसारखी, आणि तिच्या डाव्या अंगाला खाली उतरणारी एक बारीक शेपटीही सगळीकडे तेवढीच. जे कळत नाही ते माणूस जास्त जपून उतरवतो. मी स्वतः तेच केलं आहे.

एकदा ऐन लग्नसराईत एका मामांनी चिठ्ठी दिली होती. "चि. सौ. कां. वैशाली हिस मामाकडून सप्रेम." त्याच्याखाली, आमच्यासाठी म्हणून, "घाई आहे." मी एकवीसच्या एकवीस ताटांवर नीट वळणदार अक्षरात सगळं घातलं. घाई आहे, हेसुद्धा. मामा आले तेव्हा लग्न उद्यावर. दुसरी ताटं कुठून आणणार? तीच दिली. पुढे कळलं, त्या मुलीला सासरी सगळे 'घाई' अशीच हाक मारतात, आणि ती जिना चढतानाही धावते. माहेरी असताना ती चांगली सावकाश होती म्हणे.

तर मला शंका उरली नाही. ती कुणी बाई नव्हती. चित्र काढणाऱ्यानं टाक झटकला, खिडकीवर शाईचा थेंब पडला आणि थोडा ओघळला. कॅन्टनच्या बिचाऱ्यांना वाटलं, साहेबांच्या घरात असंच काही असेल, आणि त्यांनी तो डाग शेपटीसकट चाळीस ताटांवर काढला. आणि त्या डागापायी इतक्या बायकांनी आयुष्यभराच्या दुपारी घालवल्या, आणि माझ्या बहिणीची मुलगी बापाच्या दहाव्यालासुद्धा आली नाही.

मी ओल्या हातांनी बाहेर गेले. हेलनबाई मागच्या उन्हात बसल्या होत्या, तेजू त्यांच्या पायावर शाल घालत होती. मी सगळं सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, पण ठणकावून. घाई आहे, तेही सांगितलं.

हेलनबाई खूप हसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या, ज्यांना नुसतं बघून कळलं. आम्हाला पत्र मिळावं लागलं."

"कसलं पत्र?"

"चित्रासोबत गेलेल्या पत्राची नक्कल. वरच्या खिडकीवर शाई सांडली आहे, क्षमा असावी, तेवढी सोडून द्यावी, असं त्यात लिहिलं आहे. मी विशीत असताना आत्याला ते जुन्या कागदांत सापडलं. आत्या तर हसून लोळायची राहिली. मीही हसले. मग दोन वाजले आणि मी वर गेले."

मी तेजूकडे पाहिलं. तिचा चेहरा अगदी शांत होता. तिलाही माहीत होतं.

जागा

दोन दिवस मी तिच्याशी बोलत होते, रागावत होते, आईची शपथ घालत होते. मंगळवारी आम्ही दोघी मागच्या बाजूला लिंबं काढत होतो. काळेपांढरे मॅगपाय पक्षी तारेवर बसून माणसानं गुळण्या कराव्यात तसे आवाज काढत होते. तेजू एकदम बोलायला लागली.

"मावशी, सात वर्षं मला सगळ्यांनी एकच विचारलं, तुझा व्हिसा कधी संपतो? डेअरीत, फ्लॅटवर, सगळीकडे. हेलननं पहिल्या दिवशी ताट दाखवलं आणि म्हणाली, ही तू. मला रडूच आलं. कुणीतरी माझी जागा आधीच काढून ठेवली होती गं."

"तो डाग आहे, तेजू."

"माहितीये. मी हीप्स वेळा, खूपदा ट्राय केलं. बाबा गेले तेव्हा बॅग भरून गावापर्यंत गेले होते. बस लागली होती. एक वाजला आणि मला श्वासच घेता येईना. चालत परत आले, दोनच्या आत. हेलन कधीच अडवत नाही. ती एवढंच म्हणते की जाणाऱ्यानं आधी आपल्या जागी कुणीतरी बघावं. तिच्या आत्यानं तिला बघितलं. तिनं मला बघितलं."

एवढं बोलून ती लिंबं मोजल्यासारखी टोपलीत बघत राहिली, आणि मला कळलं. "दुसरं कुणी नको, तूच ये." नोकरी नाही, नवरा नाही, मुलगा जवळच, सहा महिन्यांचा व्हिसा. कुणाला धरायचं ते पोरीनं नीट विचार करून ठरवलं होतं.

माझा हात उठला होता, हे लपवत नाही. तिनं मान खाली घातली नाही. कललेलीच होती ती. "मार," म्हणाली. "पण मला आईकडे जायचंय. मला एकटीला सुटता येत नाहीये." आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

मग माझंच काळीज हललं. डोळ्यांसमोर जिन्यात बसलेली सुधा आली. मी मनाशी म्हटलं, यांना काय वाटतं ते वाटो, मला तर पक्कं माहीत आहे की तो शाईचा थेंब आहे. थेंबाच्या जागी बसायला मला कसली भीती? दोन आठवडे बसते. तोवर हेलनबाई दुसरं कुणी बघतील. पोर तर सुटेल.

दोन ते चार

गुरुवारी मी पहिल्यांदा वर गेले. तेजू दाराशी उभी होती, पण दोन वाजले तरी तिचा श्वास अडला नाही. ती खाली गेली आणि मी खालून तिचं गाणं गुणगुणणं ऐकलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती दुपारी अंगणात फिरली.

खोलीत एक खुर्ची आहे, उंच पाठीची, दोन्ही बाजूंना कान असलेली. खिडकीतून पूल दिसतो आणि सरळ रस्ता. पहिला अर्धा तास मला भयंकर कंटाळा आला. मी रामरक्षा म्हटली, दोनदा. खोली गार होती, पायांना मुंग्या आल्या. मग मी डोकं टेकवलं. खुर्चीच्या डाव्या कानाला एक खोलगट जागा आहे, इतक्या बायकांची डोकी टेकून झालेली. माझं डोकं तिथे बरोबर बसलं.

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मला तिथे फार बरं वाटलं. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं घातली, माझं नाव मी एका वाटीवरही घातलं नाही. हे गेल्यावर दुकानात मी आल्यागेल्याला अडचण होते, मुलाच्या घरी पाहुणी. इथे मी काही करावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. मी फक्त असावं, एवढीच होती. रस्त्यावरून एक दुधाचा टँकर गेला. चालवणाऱ्यानं वर बघून हात केला. मला हात करावासा वाटला, पण हाताला घाई नव्हती. चार वाजले तेव्हा मला वाटलं, घड्याळ पुढे आहे.

शनिवारी निरंजन आला. मी त्याला सांगितलं, हेलनबाईंना सोबत नाही, मी दोन आठवडे राहते, तू तेजूला मंगळवारी विमानात बसव. तो खूप चिडला. "आई, तुला काय गरज आहे?" मी म्हटलं, गरज नाही, हौस आहे. तेजूनं पाया पडून मला घट्ट मिठी मारली. तिची मान सरळ होती. गाडी पुलाशेजारून गेली तेव्हा दोन वाजायला दहा मिनिटं होती, त्यामुळे मला फार वेळ बघत उभं राहता आलं नाही.

ती पोचली. सुधानं फोटो पाठवला, दोघी शेजारी बसून पुरणपोळी खातायत. सुधाच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मी फोन छातीशी धरला. जे करायला मी आले होते ते झालं, याचा आनंद मला रोज होतो. ही गोष्ट डिसेंबरातली. आता मार्च संपत आला. मागच्या अंगणात फिजोआची फळं पडायला लागली आहेत, पेरू आणि अननसाचं लग्न लागावं अशी चव आहे. हेलनबाईंनी अजून कुणी बघितलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "मी कशी बघणार? ते जाणाऱ्यानं बघायचं असतं."

म्हणून हे लिहायला घेतलं. चारनंतर वेळच वेळ असतो.

ज्यांना इकडे यायचं असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. वेलिंग्टनहून दोन तास लागतात, निरंजन आणून सोडेल. लोकरीचे मोजे दोन जोड आणा, खोली गार आहे. जेवण घरगुती आणि शाकाहारी, मेतकूट मी करून ठेवलं आहे. सकाळी फिरायला सुंदर जागा आहेत, माणसं अतिशय सभ्य, कुणी कसली सक्ती करत नाही. एकट्या बाईला, विशेषतः मुलांचं सगळं करून मोकळी झालेली असेल तर, याहून निवांत ठिकाण मिळायचं नाही. ताटं बघण्यासारखी आहेतच. पंधरा दिवसांसाठी म्हणून या. परतीचं तिकीट मात्र तारीख बदलता येईल असं घ्या.